गच्चीपुरतं माहेर

साळूबाईनं सरांना गावाचं नाव सांगितलं, पण तिथं आपलं माहेर आहे हे काही सांगितलं नाही.

झालं असं, की १९९६ च्या दिवाळीनंतर जालन्यातल्या एका कॉलेजच्या गच्चीवर पत्र्याची एक पेटी येऊन बसली. खाली चार पाय, वर उतरतं छप्पर, पोटात मोटर. लांबून पाहणाऱ्याला कबुतरांचं खुराडं वाटावं. मोटर सुरू झाली की पिठाच्या गिरणीसारखी घरघर चालायची. ही पेटी चोवीस तास हवा ओढायची आणि छपराखाली पसरलेल्या पांढऱ्या कागदातून गाळायची. कागद काचेच्या बारीक धाग्यांचा. हवेतली धूळ, काजळी, जे काही असेल ते त्याच्यावर अडकायचं. कागद लावण्याआधी तोलायचा, काढल्यावर पुन्हा तोलायचा, आणि मग त्याचे तुकडे कधी पाण्यात, कधी आम्लात उकळून त्यात काय काय सापडतं ते शोधायचं.

पेटी राधाकिसन सरांची. सर तीर्थपुरीकडचे, मेंढरांमागं फिरणाऱ्या घरातले पहिले एम.एस्सी. आता औरंगाबादच्या विद्यापीठात पीएच.डी. करत होते. जालन्याच्या हवेत कण कशाचे आणि ते येतात कुठून, हा त्यांचा विषय. शहराला लागून सळया ओढणारे कारखाने होते, त्यांच्या भट्ट्या रात्रंदिवस चालायच्या, त्यामुळं विषय शोधायला सरांना लांब जावं लागलं नव्हतं.

साळूबाई त्याच कॉलेजच्या प्रयोगशाळेत रोजंदारीवर काचेची भांडी धुवायची. वय चौतीस, शिक्षण सातवी. तिनं धुतलेल्या भांड्यावर पाण्याचा डाग राहत नसे. ते बघूनच सरांनी तिला कागद लावायला शिकवलं. चिमट्यानं उचलायचा, बोट लावायचं नाही. काढल्यावर काळी बाजू आत घेऊन घडी घालायची आणि पाकिटात ठेवायचा. पेटीला एक लहान घड्याळ होतं, मोटर प्रत्यक्ष किती तास चालली ते सांगणारं. त्याचा आकडा वहीत लिहायचा. चार दिवसांत साळूबाई सरांपेक्षा सफाईनं कागद बदलायला लागली.

"नुसती शहराची हवा मोजून भागत न्हाई, साळूताई," सर एकदा म्हणाले. "तुलनेला एखादं गाव लागतं. कारखान्यांपासून दूर, हिवाळ्यातल्या वाऱ्याच्या वरच्या अंगाला. दुसरी पेटी मिळाली, पण ठेवू कुठं?"

"पिंपळगाव रेणुकाई," साळूबाई म्हणाली. इतकं झटकन म्हणाली, की तिची तिलाच लाज वाटली.

सात वर्षं तिनं ते गाव पाहिलं नव्हतं.

तिचा नवरा बद्रीनाथ जालन्याच्या एका कारखान्यात होता. साळूचा धाकटा भाऊ शिवाजी दहावीला दोनदा बसला आणि शेतात त्याचं मन रमेना, तेव्हा बद्रीनाथनंच त्याला आणून कामाला लावलं. शिवाजी बहिणीच्याच घरी राहायचा, चंदनझिऱ्याला. आल्या आल्या भाकरी मागायचा आणि भाच्यांना खांद्यावर घेऊन फिरायचा. १९८९ च्या उन्हाळ्यात एका दुपारी कारखान्यात लालभडक सळई तिला ओढणाऱ्या रुळांतून सुटली आणि सापासारखी उलटली. शिवाजी तिच्या वाटेत होता. बावीस वर्षांचा.

निरोप मिळून आई आणि थोरला भाऊ मच्छिंद्र जालन्याला पोचले, तोवर सगळं उरकलं होतं. स्मशानात आईच्या पुढ्यात आली ती राख. तुळजाबाईनं, म्हणजे साळूच्या आईनं, कपाळ बडवून घेतलं. "कुणी घाई केली? माझ्या लेकराचं तोंड मला कुणी बघू दिलं न्हाई?" बद्रीनाथ मान खाली घालून म्हणाला, "मीच म्हणलो, उरकून घ्या." मच्छिंद्रनं त्याला सगळ्यांसमोर सांगितलं, की आजपासून आमचा तुमचा संबंध सरला. बहिणीकडं त्यानं पाहिलंसुद्धा नाही.

खरं काय घडलं होतं ते फक्त दोघांना माहीत होतं, साळूला आणि बद्रीनाथला.

तेव्हापासून माहेरचं माणूस आलं नाही, चिठ्ठी आली नाही. पंचमी यायची, दिवाळी यायची, शेजारणी पिशव्या भरून एस.टी. गाठायच्या. साळू भोकरदनची पाटी लावलेली गाडी दिसली की उभी राहायची आणि गाडी वळून गेली की पुन्हा चालायला लागायची. तिच्या मनातली पिंपळगावची हवा अगदी स्वच्छ होती. जालन्यात खोकला आला की तिला वाटायचं, एक दिवस तिथं जाऊन छातीभर श्वास घेतला तर सगळं बरं होईल.

राधाकिसन सर एकटेच पिंपळगावला जाऊन आले. गावाच्या कडेला, रस्त्यापासून आत, मच्छिंद्रच्या घराला स्लॅब होता आणि वर जायला बाहेरून जिना. मच्छिंद्रला शिकल्या माणसांचं अप्रूप. त्यानं लगेच हो म्हटलं. "मशीन राहू द्या, सर. शब्द दिला म्हणजे दिला."

पेटी घेऊन जीप दारात थांबली आणि सरांच्या मागून साळू उतरली, तेव्हा मच्छिंद्रचा चेहरा उतरला.

"ही कशाला आली?"

सर गोंधळले. "मशीन ह्याच चालवणार. दर शनिवारी कागद लावायचा, रविवारी काढायचा. का? तुमची ओळख आहे?"

ओसरीवर तुळजाबाई तूर निवडत होती. तिचा हात सुपात थांबला, पण मान वर झाली नाही. सात वर्षांत आईचे केस पार पिकले होते.

"शब्द दिला म्हणून गप आहे," मच्छिंद्र शेवटी म्हणाला. "जिन्यानं वर जायचं, जिन्यानं उतरायचं. घरात पाय टाकायचा न्हाई."

"न्हाई टाकणार, दादा," साळू म्हणाली. परतीच्या वाटेवर सरांनी तिला बरंच सुनावलं. तिनं ऐकून घेतलं. "तुम्हाला गाव पाहिजे होतं सर, अन् मला बी," एवढंच ती म्हणाली.

असं साळूचं माहेर सुरू झालं, गच्चीपुरतं. शनिवारी सकाळी पोरींना सासूच्या हवाली करायची, भोकरदनची एस.टी. पकडायची, तिथून काळ्यापिवळ्या जीपमध्ये दाटीवाटीनं पिंपळगाव. दुपारी बाराला कागद लावायचा, दुसऱ्या दिवशी बाराला काढायचा. रात्रीपुरती ती शाळेतली मैत्रीण नंदाबाई हिच्याकडं टेकायची. नंदाबाईचं घर तीन गल्ल्या पलीकडं होतं. आपल्याच गावात पाहुणी होऊन दुसऱ्याच्या सतरंजीवर पडायचं, ही गोष्ट साळूला सगळ्यांत जड गेली.

पण गच्ची तिची होती. वरून सगळं दिसायचं. चुलत्यांची विहीर, रेणुकाईचं शिखर, कापसाची काळीभोर रानं. खाली अंगणात आई ये-जा करायची. आई चालताना डावा पाय ओढायला लागली होती, हे तिला वरूनच कळलं. लाईट गेली की मोटर थांबायची, आणि घड्याळात चोवीस तास भरेपर्यंत तेवढा वेळ जास्त थांबावं लागायचं. सगळं गाव लाईटीच्या नावानं बोटं मोडायचं. साळू मात्र मनातल्या मनात म्हणायची, आणखी तासभर येऊ नको.

पाचव्या शनिवारी मच्छिंद्रची बायको सगुणाबाई जिन्याच्या पायथ्याशी आली आणि वर बघून तिनं सासूचा निरोप सांगितला, "आत्याबाई म्हणून राह्यल्या, माहेरच्या गावात पोरगी लोकाच्या घरी झोपती, गाव हसून राह्यलं. आज जेवायला खाली या. इथंच पडा."

"दादा?"

"त्यांना त्यांच्या आईनं बराबर सांगितलंय."

साळू आत गेली. जेवताना आई बोलली नाही. पण भाकरी आईनंच वाढली आणि पाठीमागून नव्हे, समोर बसून वाढली. मच्छिंद्र शेताला निघून गेला होता.

आई बोलली ती कागदामुळं. साळू एका रविवारी कागद काढून घडी घालत होती, तर तुळजाबाई जिन्याची एकेक पायरी चढत वर आली.

"दाखव."

साळूनं बोट न लावता दाखवला. फिकट राखाडी.

"जालन्याचा कसा असतो?"

"तव्याच्या बुडासारखा, माय."

तुळजाबाई बराच वेळ कागदाकडं बघत राहिली. "शिवाजी असली हवा खाऊन राह्यला होता?" ती म्हणाली, आणि उत्तराची वाट न बघता खाली उतरली. त्यानंतर दर रविवारी ती वर यायची. कधी मिरच्या वाळत घालायच्या निमित्तानं, कधी बिननिमित्तानं. एकदा पेटीजवळ तूर पाखडायला बसली, तर साळूनं तिला हाताला धरून उठवलं. "इथं न्हाई पाखडायचं माय, सगळा भुसा कागदावर जाईन." तुळजाबाई हसली. सात वर्षांत साळूनं आईला हसताना बघितलं ते तेव्हा.

वर्षभरानं सर औरंगाबादहून कागदांचे निकाल घेऊन आले. जालन्याच्या कागदात लोखंड, जस्त, मँगनीज, शिसं. पिंपळगावच्या कागदात ते जवळजवळ नव्हतंच. साळूला हायसं वाटलं. मग सरांनी दुसरं पान काढलं.

"पण पोटॅशियम गावातच जास्त आहे. ते चुलीतलं, कापसाच्या पऱ्हाट्या जाळतात त्यातलं. आणि हे बघा, सल्फेट. जालन्याच्या निम्म्याहून थोडं जास्त."

"म्हणजे?"

"भट्टीत दगडी कोळसा, काळं तेल जळतं. त्यातून वायू निघतो, तो आपल्या कागदात अडकतच न्हाई. वाऱ्याबरोबर जातो, दवात, ढगात त्याचं आम्ल होतं. गावात गोठे असतात, शेणा-मुताचा अमोनिया असतो. दोन्हीची गाठ पडली की मीठ तयार होतं, एकदम बारीक. लोखंडाचा कण जड, तो कारखान्याजवळच खाली बसतो. हे मीठ आठ-आठ दिवस हवेत राहतं. वारा फिरला की कुठंही पोचतं. जालन्याचंच असेल असं न्हाई, आणखी लांबचंही असेल."

साळू भांडी तशीच टाकून बसली. पिंपळगावच्या हवेत कारखाना आहे, आणि चुलीचा धूर तर आपल्याच माणसांचा. मग ज्या हवेसाठी आपण झुरत होतो ती कुठली? सरांना तिचा चेहरा बघून वाईट वाटलं. "ताई, स्वच्छ म्हणजे अगदी कोरी हवा कुठंच नसती," ते म्हणाले. साळूनं मान डोलावली, पण त्या आठवड्यात तिला जेवण गोड लागलं नाही.

पुढच्या रविवारी आईनं विचारलं, "आमच्या कागदात काय निघालं?"

साळूनं जसं समजलं तसं सांगितलं. लोखंड जवळ पडतं, हे मीठ लांब जातं. अर्धं त्यातलं भट्टीचं, अर्धं आपल्या गोठ्याचं. तुळजाबाई पेटीला टेकून ऐकत होती. मोटर बंद होती. खाली कुठंतरी बैलाच्या गळ्यातली घंटी वाजत होती.

"मंग मला एक सांग," ती सावकाश म्हणाली. "शिवाजीला अग्नी दिला, त्याचा धूर. तो बी आल्ता का गं इथपर्यंत? थोडा तरी?"

साळूला वाटलं, हो म्हणावं. उन्हाळ्यात वारा कुठून असतो हे तिला सरांमुळं माहीत झालं होतं. मार्च-एप्रिलमध्ये तो पश्चिमेकडून, वायव्येकडून वाहतो, पिंपळगावकडून जालन्याकडं, जालन्याकडून इकडं नव्हे. पण आईला खोटं सांगायचं तिच्यानं होईना. एक खोटं नऊ वर्षं चाललंच होतं.

"माय, धुराचं मला न्हाई सांगता येणार. पण एक सांगते. ह्यांनी न्हाई घाई केली. मी केली."

तुळजाबाईनं तिच्याकडं पाहिलं.

"दवाखान्यात मी आत गेल्ते. शिवाजीला पाह्यलं. बाहेर येऊन ह्यांना म्हणले, माय यायच्या आत उरकून टाका, तिला हे दाखवू नका. हे न्हाई म्हणत होते. म्हणत होते, मायचा हक्क आहे. मी पाय धरले त्यांचे. मंग तुम्ही आल्या अन् विचारलं, तर माझ्या तोंडून शब्द फुटंना. ह्यांनी आपल्या अंगावर घेतलं."

साळू मार खायला तयार होती, शिव्या खायला तयार होती, जिना उतरून कायमचं जायलाही तयार होती.

"कसा होता?" तुळजाबाईनं विचारलं.

"माय..."

"सांग. तू पाह्यलंस ना? मंग मला सांग. काही सोडू नको."

साळूनं सांगितलं. उजव्या बाजूचं काही सोडलं नाही. मग डाव्या बाजूचं सांगितलं. डावा गाल तसाच होता, मिशी नुकती कोरलेली होती. डोळा मिटलेला. कानामागं लहानपणी पडल्याची खूण होती ती तशीच. तुळजाबाईनं आपल्या कानामागं बोट नेलं आणि डोळे मिटून घेतले. सांगून झालं तेव्हा दोघींची तोंडं भिजली होती.

"मला बघायचं होतं," ती शेवटी म्हणाली. "असाच बघायचा होता. तू चूक केली, साळू."

"हो, माय."

"अन् जावायाला मी नऊ वर्षं शिव्या देऊन राह्यले." पदरानं तोंड पुसून ती उठली. "त्यांना घेऊन ये."

साळूनं घरी येऊन नवऱ्याला सगळं सांगितलं. बद्रीनाथ ड्युटीवरून येऊन हातपाय धूत होता. तांब्या तसाच हातात धरून तो ऐकत राहिला.

"कशाला सांगितलंस?" तो म्हणाला. "मला सवय झाल्ती."

"माय बोलावून राह्यली."

"जाऊ की." पण तो गेला नाही. कधी पाळी बदलली, कधी पोरीची परीक्षा. साळूला कळत होतं, की ही सगळी निमित्तं. शिवाजीला आपणच आणलं, ही गोष्ट त्याच्या मनातून कुणाच्या माफीनं जाणारी नव्हती. आई दर वेळी जिन्याखाली उभी राहून साळूच्या मागं बघायची, जीपमधून आणखी कुणी उतरतंय का ते.

१९९८ च्या मे महिन्यात सरांचं काम संपलं. जीप आली, पेटी उतरवली गेली. गच्चीवर चार पायांच्या जागी सिमेंटवर चार पांढरे चौकोन राहिले. साळू त्यानंतरही जायची, पण आता दर शनिवारी जायला निमित्त नव्हतं आणि कॉलेजात रजा मिळत नव्हती. महिन्यानं, मग दोन महिन्यांनी. गाडीत खिडकीशी बसली की तिला ती गर्दीच्या जीपमधली दीड वर्षं आठवायची आणि वाटायचं, तेव्हा आपण दर आठवड्याला माहेराला जात होतो आणि तरी रडत होतो.

सर हैदराबादला नोकरीला लागले. शहरात सरकारी खर्चानं हवेच्या पेट्या बसवायचं ठरलं, तेव्हा कागद बदलणारं माणूस म्हणून साळूचं नाव पुढं आलं. नव्या साहेबांना तिनं पहिल्याच दिवशी विचारलं, "साहेब, अन् तुलनेचं गाव?" साहेब म्हणाले, मंजुरी फक्त शहराची आहे.

तुळजाबाई २००२ च्या थंडीत गेली. चुलीजवळ बसल्या बसल्या धाप लागली आणि संपलं. ह्या वेळी बद्रीनाथनं निमित्त शोधलं नाही. निरोप आला तसा तो साळूबरोबर निघाला. सगळे त्यांच्यासाठी थांबले होते. आईकडून खरं काय ते कळलेल्या मच्छिंद्रनंच सांगून ठेवलं होतं, की साळू आल्याशिवाय हलवायचं नाही. साळूनं आईचं तोंड पोटभर पाहिलं.

तेराव्याला जेवणं झाली, माणसं पांगली. बद्रीनाथ ओसरीच्या कडेला एकटाच बसला होता, पिशवी मांडीवर घेऊन, निघायच्या तयारीत. मच्छिंद्र आतून आला, जरा घुटमळला आणि त्याच्या शेजारी बसला. तेरा वर्षं दोघं एकमेकांशी बोलले नव्हते.

"गाडी कितीची आहे?" मच्छिंद्रनं विचारलं.

"चारची म्हणतेत."

मच्छिंद्रनं अंगणाकडं बघत डोक्यावरची टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "उद्या बी एक असती. सकाळची. शेत दाखवलं असतं तुम्हाला. शिवाजीनं लावलेलं आंब्याचं झाड आहे, ह्या वर्षी मोहर लई धरलाय."

बद्रीनाथनं पिशवी खाली ठेवली. साळू आत भांडी घासत होती, तिनं ते दारातून पाहिलं. ती उठली नाही. दोघं चपला घालून वाटेला लागले, पुढं मच्छिंद्र आणि मागं बद्रीनाथ, आणि बांधावरून दिसेनासे होईपर्यंत ती राखेचा हात तसाच धरून बघत राहिली.